मातीतला कंप

श्रीवत्सच्या कॅमेऱ्याला जोडलेल्या कॉम्प्युटरचं एक बटण दाबायचं, एवढंच माझं काम होतं. तो मातीच्या बाहुलीचा हात केसभर हलवायचा, मागे सरकायचा आणि म्हणायचा, "हं, अण्णा." मी बटण दाबायचो. एक फोटो निघायचा. मग पुन्हा केसभर. असे फोटो भराभर दाखवले की बाहुली हलते म्हणे. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला याहून मोठं काम कोण देणार? तेही मला नीट जमतंय की नाही, अशी शंका रोज यायची.

धारवाडच्या मळमड्डीत आमची घरं शेजारी शेजारी. श्रीवत्स माझ्याहून बराच लहान. तरुणपणी तो बेंगळूरला गेला आणि जाहिराती करू लागला. त्याची मातीची बिस्किटं नाचली, साबण पोहले, बनियन दोरीवरून उड्या मारून पळाले. मधूनमधून तो स्वतःच्या छोट्या फिल्म करायचा. त्यांत ना संवाद, ना गोष्ट.

"जाहिरात लोक बघतात, मला बघवत नाही," तो हसून सांगायचा. "माझी फिल्म मी बघतो, ती लोकांना बघवत नाही."

बायको गेल्यावर तो धारवाडला परतला. मुलगी दीपश्री इथेच शाळेत शिकवते. तिच्याकडे राहून त्याने भाकरी थापणाऱ्या बाईची फिल्म केली. त्यातली बाई, परात, चुलीवरचा धूर, सगळं सतत बारीक थरथरत होतं. बेंगळूरच्या महोत्सवात लोकांनी ती उभं राहून पाहिली. माती श्वास घेते आहे, असं कुणीतरी लिहिलं. कितीतरी वर्षांनी त्याचं नाव निघालं.

ती थरथर त्याने ठरवून आणली नव्हती. त्याचा हातच कापत होता. बोट लागलं की बाहुली जरा जास्तच सरकायची. हे त्याला ठाऊक होतं आणि शेजारी बसून मलाही दिसत होतं.

मग शीतल आली. मूळची हुबळीच्या केशवापूरची, आता बेंगळूरच्या जाहिरात कंपनीत मोठ्या पदावर.

"सर, चहाची जाहिरात आहे. आजोबा नातीला चहा देतात, एवढंच. पण तुमचा तो कंप हवा. तो आमच्याकडे कुणालाच जमत नाही."

"जमायला वय लागतं," श्रीवत्स म्हणाला.

त्याच सुमारास जेवताना त्याच्या हातातून आमटीची वाटी सांडली. दीपश्री त्याला हुबळीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू हात शांत झाला. तो शर्टाची बटणं स्वतः लावू लागला. दीपश्रीने त्या आनंदात आमच्याकडे शिरा पाठवला.

मातीचे आजोबाही शांत झाले. एक थेंब न सांडता त्यांनी कपात चहा ओतला.

तो शॉट पाहून शीतलचा फोन आला. "सुंदर आहे, सर. पण... हे कुणीही केलं असतं."

मग श्रीवत्सने मुद्दाम थरथर आणून पाहिली. आजोबा थंडी वाजल्याचं सोंग करतायत, असं दिसू लागलं. "खोडून टाका, अण्णा," तो म्हणाला. "खोटं आहे."

पुढच्या आठवड्यात त्याचा हात पुन्हा हलू लागला.

"गोळी घेतोस ना?" मी विचारलं.

"एवढा शॉट होऊ दे."

"दीपश्रीला सांगेन हं मी."

"सांगा की. शॉट झाल्यावर."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती तशीच माझ्याबरोबर आली आणि त्याच्या कामाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. श्रीवत्स आजोबांच्या हातात कप बसवत होता. कप पडला. पुन्हा बसवला, पुन्हा पडला. हा कंप पूर्वीसारखा बारीक राहिला नव्हता. तोल सावरायला त्याने बाहुली धरली, तर अंगठा आजोबांच्या गालात रुतला आणि अर्धा चेहरा आत गेला.

"अप्पा, साकु. पुरे झालं."

"हात शांत असला की मी कुणीही असतो, दीपू."

"माझे अप्पा असता की."

मग त्याने मला शीतलला फोन लावायला सांगितला आणि तिला सरळच म्हणाला, "ती माझी शैली नव्हती. आजार होता. आता तेवढाही उपयोगाचा राहिला नाही."

"मला खरंच माहीत नव्हतं, सर," शीतलचा आवाज ओला झाला होता. मग ती जपून म्हणाली, "पण हे जाहिरातीबरोबर सांगता येईल. लोक रडतील, सर."

"चहासाठी?" श्रीवत्स म्हणाला आणि त्याने मला फोन बंद करायची खूण केली.

दीपश्रीने गोळी आणि पाणी पुढे केलं. त्याने मुकाट्याने घेतली.

"अण्णा, दिवे घालवा."

शॉट संपेपर्यंत दिव्यांना हात लावायचा नसतो. परत लावले तर उजेड तसाच पडत नाही, आधीचं सगळं फुकट जातं. म्हणून मी विचारलं, "सगळे?"

"सगळे."

मी घालवले. खिडक्यांना काळा कागद लावलेला, खोलीत काहीच दिसेना.

"उठा अप्पा, हात द्या," दीपश्रीचा आवाज आला.

"कुठलाही धर," तो म्हणाला. "दोन्ही हलताहेत."