गुडघ्यावरचा हात

आमच्या ह्यांना बहिरं म्हणायची सोय नाही. डावा कान ठार गेलेला, उजवा नावाला उरलेला, पण ताठा जागच्या जागी. चारचौघांत मी शेजारी बसायचं आणि कुणी बोलायला लागलं की गुडघ्यावर हळूच थाप द्यायची. मग हे मान वळवून त्याच्या ओठांकडे बघणार आणि खणखणीत उत्तर देणार. लग्न झालं आणि ही बिनपगारी नोकरी मला चिकटली. त्याआधी, सैन्यात असताना, ती तोफेवरच्या जोडीदाराकडे होती. हुकूम सुटला की तो खांद्याला हात लावायचा.

एकदा सरावात तो जोडीदार नेमका रजेवर. 'थांबा' असा हुकूम झाला आणि ह्यांनी आणखी एक गोळा डागला. उघड्या माळावर पडला म्हणून बरं. चौकशीत विचारलं, हुकूम ऐकला होता का? हे म्हणाले, ऐकला होता. कान गेला म्हटलं तर तोफेवरून काढून कोठारात बसवतील, त्यापेक्षा उद्धट ठरलेलं बरं, असलं ह्यांचं डोकं. तोफ तर गेलीच, वर हुकूम मोडला म्हणून बडतर्फ असा शेरा घेऊन घरी आले. तेव्हापासून घरात सैन्याचं नाव काढायचं नाही.

गेल्या वर्षी नातीनं ट्रंकेतून टोपीवरचा बिल्ला काढला. "आजोबा, हा कुणाचा?"

"रस्त्यात सापडला होता," हे म्हणाले.

माझं टाळकंच सणकलं. स्वतःच्या घामाची वस्तू, आणि म्हणे रस्त्यात सापडली. दुसऱ्या दिवशी मी एका वकीलबाईंना गाठलं. तो शेरा पुसून घ्यायचाच, असं ठरवूनच गेले होते.

सुनावणीला लांब टेबलामागे सैन्याचे तीन अधिकारी, मधले अध्यक्ष. वकीलबाईंनी कानाच्या डॉक्टरांचा दाखला पुढे केला. पण हे प्रत्येक प्रश्नाला असं फटाफट उत्तर देत होते की अध्यक्षांनी चष्माच काढला. "बाई, तुमच्या अशिलाला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतंय."

हे खूश. मी खाली पाहिलं, तर सवयीनं माझा हात ह्यांच्या गुडघ्यावर. म्हणजे केस मीच बुडवत होते. हात काढला आणि मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली.

अध्यक्षांनी फायलीत मान घातली आणि विचारलं, "हुकूम ऐकलाच नव्हता, तर ऐकला असं का सांगितलंत?"

हे समोरच्या भिंतीकडे बघत बसलेले. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, मग आवाज चढवून, "मी तुमच्याशी बोलतोय." तरी ह्यांचं आपलं भिंतीकडेच. त्या दिवशी तोफेपाशीही असंच झालं असणार. वकीलबाई पुढे झुकल्या, तेव्हा ह्यांना काहीतरी चुकल्याचं कळलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गर्दीत बोट सुटलेल्या लेकरासारखं. मी पर्स सोडली नाही.

अध्यक्षांनी मान वर केली. आधी ह्यांच्याकडे, मग माझ्या हातांकडे बघितलं. उठून टेबलाला वळसा घालून आले, समोर खुर्ची ओढून बसले आणि तोच प्रश्न सावकाश विचारला.

"तोफ सोडवत नव्हती, साहेब," हे म्हणाले.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चारचौघांत उघडं पाडलंस." नंतर कित्येक दिवस घरात अबोला. माझंही चुकलं असं मी म्हटलं नाही, पण रोज वाटायचं.

निकाल घरी आला तेव्हा लेक, जावई, नात सगळे बसले होते. ह्यांनी पाकीट फोडलं, कागद वाचला, पुन्हा वाचला. सन्मानानं सेवामुक्त. मग ट्रंकेतला बिल्ला आणून नातीच्या हातावर ठेवला आणि कागद माझ्याकडे दिला.

"वाच सगळ्यांना."

मी वाचायला लागले. ह्यांनी खुर्ची माझ्या उजवीकडून उचलून डावीकडे आणली, चांगला कान माझ्याकडे केला आणि जावयासमोर, लेकीसमोर म्हणाले, "जरा मोठ्यानं वाच. मला ऐकू येत नाही."