दोन्ही तोंडं एकाच डब्यात

मित्रांनो, मी एक जुनी नेटवर्क केबल आहे. जुनी म्हणजे किती? माझा पांढरा रंग आता चहा सांडलेल्या कागदासारखा झालाय, एवढी! हसू नका हं. आधीच लाजेनं अर्धी झालेय मी.

माझा जन्म एका तंत्रज्ञ ताईच्या हातात झाला. तिनं माझ्या रंगीत तारा ओळीनं लावल्या, चिमट्यानं दाबून दोन्ही टोकांना पारदर्शक तोंडं बसवली आणि म्हणाली, "झालीस बाई बोलायला तयार!"

माझी नेमणूक एका वाचनालयात झाली. तिथल्या संगणकांच्या कोपऱ्यात टर्मिनल नावाचे छोटे डबे होते. त्यांच्या पोटात स्वतःचं असं जवळजवळ काहीच नाही. बटण दाबलं की ते हाक मारायचे, "कुणी आहे का? मला कामाला लावा!" मग कपाटाशेजारचा सर्व्हर नावाचा मोठा संगणक लिनक्स या संगणक-प्रणालीचा सगळा संसार त्यांच्याकडे धाडायचा. ही ये-जा चालायची स्विच नावाच्या छिद्राछिद्रांच्या डब्यातून आणि आम्हा केबलींमधून. माझं एक तोंड स्विचमध्ये, दुसरं खिडकीजवळच्या टर्मिनलमध्ये. तिथे एक मुलगी रोज गोष्ट लिहायला यायची. तिच्या घरी संगणक नव्हता. हात सारखे वळवळायचे, म्हणून ग्रंथपाल काकू तिला 'खटपटी' म्हणायच्या. तिचा शब्द न् शब्द माझ्यातून जायचा. काय तोरा होता माझा तेव्हा!

पुढे टेबल सरकवलं आणि मी अपुरी पडले. लांब केबल आली. माझं एक तोंड स्विचमध्ये तसंच राहिलं, दुसरं धूळ खात लोंबू लागलं.

आता ती गोष्ट, जी सांगताना मला तोंड लपवावंसं वाटतं. आणि मला तर दोन तोंडं!

काकूंना लोंबणारं काही बघवत नसे. एका सकाळी आवरता आवरता त्यांनी माझं मोकळं तोंड उचललं. स्विचमध्ये एक छिद्र रिकामं होतं. कट्! तेही त्यातच खोचलं. "आता कसं नीटनेटकं दिसतंय."

झालं! टर्मिनलची हाक एका तोंडातून आत, दुसऱ्यातून बाहेर, पुन्हा आत. एका हाकेच्या हजार झाल्या. त्या कल्लोळात सर्व्हरचं कुणाला ऐकूच जाईना. एकेक पडदा थिजला. ओरडून सांगावंसं वाटलं, "मला उपटा!" पण माझं ओरडणं हेच तर दुखणं होतं.

नेमकी तेव्हाच खटपटी टेबलाखालून वर आली.

"तूच काहीतरी केलंस!" काकू कडाडल्या, तेही 'शांतता राखा' या पाटीखाली.

"काकू, शप्पथ! माझं पेन पडलं होतं."

"पेन म्हणे! उद्यापासून या कोपऱ्यात पाय ठेवायचा नाही."

सगळे माना वळवून बघत होते. ती खालमानेनं बाहेर गेली. तिची अर्धी गोष्ट आत राहिली, आणि बोलणी खाल्ली तिनं, माझ्यामुळे.

मला घडवणारी तंत्रज्ञ ताई आली. तिनं सर्व्हर तपासला, तो ठणठणीत. टर्मिनल बदलून पाहिलं. तेही हटून बसलं. मग तिनं सगळी टर्मिनलं बंद केली आणि स्विचकडे बघत राहिली. "आता बोलायला कुणीच नाही, तरी हे दिवे का फडफडतायत?"

तिचं बोट माझ्यावरून सरकत सरकत पुन्हा त्याच डब्यापाशी आलं. "अगं बया! ही तर स्वतःशीच भांडत बसलीय! कुणी खोचलं हिला?"

तिनं मला उपटलं. दिवे शांत झाले.

"मीच गं," काकू हळूच म्हणाल्या. "लोंबत होती, वाईट दिसत होतं..."

खटपटी बाहेर पायरीवरच बसली होती. काकूंनी तिला हाताला धरून आत आणलं आणि त्याच पाटीखाली उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "ऐका सगळ्यांनी! चूक माझी होती. हिला मी उगाच बोलले."

खटपटीनं नाक पुसलं. "काकू, हळू ना. शांतता राखा."

काकूसुद्धा हसल्या, डोळे पुसत.

आता मी काकूंच्या टेबलाशेजारी खिळ्यावर असते. दोन्ही तोंडं मोकळी, चांगली लोंबतेय! काकू रोज बघतात, पण मला आवरत नाहीत. मुलं बोट दाखवतात, "हीच ती!" तेव्हा मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका माझं. केबल खोचण्याआधी तिचं दुसरं टोक कुठे आहे ते बघा. आणि कुणाला बोल लावण्याआधी गोष्टीचं दुसरं टोकसुद्धा.