नळीतली टिकली

मी ज्ञानबा, सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. अठ्ठ्याहत्तर साली आमच्या डॉक्टरांनी ध्यास घेतला होता: यकृताचा कर्करोग पोटात गाठ लागण्याआधीच रक्तावरून कळावा, आणि तोही वाडीवस्तीवर, दोन तासांत. पत्र्याच्या पेटीत नळ्या घेऊन उन्हातान्हात हिंडायचं मात्र माझ्या नशिबी! तपासणीला मेंढीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लागत. त्या होटगीच्या बिरप्पा धनगराच्या कळपातून यायच्या. नळीच्या तळाशी लाल टिकली बसली की माणूस सुटला. लाली तळभर पसरली की घात.

"आमच्या मेंढीचं रगत नेता, मग आमच्या माणसाला आधी बघा की," बिरप्पा म्हणाला. त्याच्या बायकोचा, मायाक्काचा, बाप आणि भाऊ दोघंही याच दुखण्यानं गेलेले.

मायाक्काच्या नळीत टिकली बसेना. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. "मेल्ये, बस की!" मी नळीवरच खेकसलो. लाली पसरलेलीच.

बिरप्पा माझ्या तोंडाकडं बघत होता. "काय ते सांग लेका. हिच्याबिगर मला कोन हाय?"

"उद्याच दवाखान्यात चला. पोटाचा फोटो काढू."

"फोटू न्हाय काढायचा," मायाक्का म्हणाली.

"डोस्कं फिरलंय का तुजं?" बिरप्पा खवळला.

तिनं पदर पोटाशी गच्च धरला. "पोटातल्याला बाधतंय म्हंत्यात. पाचवा म्हैना लागल्याबिगर बोलायचं न्हवतं मला. मागं दोन येळा बोलले, दोनी गेली."

मी कपाळावर हात मारून घेतला. गाढवच की मी! या रोगात रक्तात उतरून नळीत लाली पसरवणारा पदार्थ पोटातल्या बाळाचं यकृतही बनवतं आणि तो आईच्या रक्तात उतरतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. आजवर सगळे बापेच तपासले, बाईला काय विचारायचं ते डोक्यातच आलं नाही.

दोघांना समजावलं. बाळंतपणानंतर पुन्हा तपासायचं, हेही बजावलं. बिरप्पा हसता हसता रडायला लागला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

मायाक्काच्या डोळ्यांतली भीती मात्र जाईना. वेळेआधी तोंडातून निघालं होतं ना! तिनं नळी हातात घेतली, उजेडात धरून कितीतरी वेळ बघितली.

"दादा, ही माझ्याआधी बोलली न्हवं?"

"व्हय की."

"मंग मी कुटं सांगितलं? पोटातल्यानं सोताच सांगितलं."