सात नंबरचं पाणी

"हा सात नंबर उठून बसलाय कसा?" डॉक्टर मॅडम पिंजऱ्यापुढे वाकल्या. "कलावतीबाई, याच्या पाण्यात औषध आहे ना?"

भुसा बदलणारा कलावतीचा हात थांबला.

सत्त्याण्णव साल. वर्तकनगरजवळच्या त्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळत तिला सहा वर्षं झाली होती. या उंदरांना कंपवात होता, तिच्या नवऱ्याला, महिपतला होता तसाच. मॅडमनी त्यांच्या मेंदूत एक जनुक सोडलं होतं. ते चाललं की उंदीर हिंडूफिरू लागत. फार चाललं की गरागरा फिरत सुटत. मग पाण्यात औषध घालायचं, की जनुक गप्प.

सात नंबर औषधावर गेला आणि आखडला. पंजा थरथरायचा, दाणा निसटायचा, तो पुन्हा उचलायचा. घरी हेच बघून कामावर येणाऱ्या बाईनं इथेही तेच बघायचं म्हणजे फारच झालं.

"मीच साधं पानी दिलं, मॅडम. आठ दिस झाले."

"अहो, काय केलंत हे!"

"दाना धरता येत नव्हता त्याला. मना नाय बघवलं. काढा कामावरून."

मॅडम स्टुलावर टेकल्या. "काढत नाही. पण सात नंबर आता प्रयोगातून बाद."

बोलणी खायचीच आहेत तर विचारून घ्यावं, म्हणून कलावती म्हणाली, "आमच्या मालकांच्या डोक्यात कवा घालाल ते?"

"माणसाच्या मेंदूतून ते परत काढता येत नाही. वाढतच गेलं तर? हवं तेव्हा बंद होतंय, ही खात्री आधी हवी. त्या पाण्यानं तेच बघत होतो आपण."

कलावतीला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं भुशाची पाटी खाली ठेवली.

"म्हंजे मी आमच्याच मान्साचं..."

"एका उंदरानं काही अडत नाही हो."

"मग किती वर्सं?"

मॅडम खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "दहा. पंधराही."

संध्याकाळी चेंदणी कोळीवाड्यात महिपत सदरा अंगात चढवून तिची वाट बघत बसला होता. रोज ती आली की दोघं खाडीपर्यंत जात.

"काय गो, माझा नंबर कवा?" त्याची रोजची थट्टा.

"नाय लागायचा," ती म्हणाली. "आपल्या हयातीत नाय."

तो हसला. "बरं झालं. मेल्या उंदरांच्या रांगेत कोन उभा राहनार?"

ती वाकून त्याची बटणं लावू लागली. चार लावली. गळ्याजवळचं त्याचं त्यानं लावावं म्हणून ठेवून ती उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून, कसलीच घाई नसल्यासारखी.