वहाणेतला खडा

शहापुरात मागाचा खड्डा दाराला लागून असतो. विणकर कमरेपर्यंत जमिनीत आणि डोळे रस्त्याला टेकलेले, त्यामुळे गल्लीतली माणसं त्याला जन्मभर गुडघ्यापर्यंतच दिसतात. तोंडं बघायची ती लग्नात नाहीतर मयताला. बाकी ओळख चालीवर.

बेचाळीस साली हे कुणीतरी फौजदाराच्या कानावर घातलं. फौजदार दमला होता. चळवळीतली पोरं तारायंत्राच्या तारा तोडत होती, आणि त्याने जोडून घेतलेल्या तारा पुन्हा तुटत होत्या. येळ्ळूरच्या एका गोठ्यात त्याने चौघे धरले. त्यांत तारा तोडणारा शहापूरचा मष्णू आहे अशी पक्की खबर होती, पण चौघांनीही आपलं नाव भरमा सांगितलं. मष्णूचा बाप भावकू चौकीत येऊन चौघांची तोंडं बघून गेला. म्हणाला, यात माझा कुणी न्हाय. ओळख पटेना म्हणून हिंडलग्याच्या तुरुंगात रवानगी अडली होती.

तेव्हा फौजदार साध्या कपड्यांत भावकूच्या सोप्यावर येऊन बसला. शिपायांनी चौघांना दारावरून एकेक चालवायचं ठरलं होतं. पाय बघून बाप कुठे अडखळतो, तेवढंच त्याला बघायचं होतं. आत भावकूची बायको मालुबाई धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पोरगा सापडल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर रडेल आणि सगळं फुटेल, असा गल्लीचा शहाणपणा. सोप्यावर लुगड्यांचा व्यापारी आलाय, एवढंच तिला माहीत.

पहिला गेला. दुसरा गेला. भावकूचा धोटा चुकला नाही. तिसरा लंगडत आला. भावकूने मान वर केली नाही, मागाचा ठेका सोडला नाही. फौजदाराने जांभई दिली.

आतून मालुबाईने हाक मारली, "मष्णू, पायाला काय लागलं रं? आत ये, बघू दे."

माग थांबला. फौजदार कानडी मुलखातला होता, पण एवढं मराठी त्याला येत होतं. तो उठला, तेही सावकाश. आनंद झाल्यासारखा दिसला नाही.

मष्णू दारात थांबला. वहाणेतला खडा काढून त्याने खड्ड्याच्या काठावर ठेवला.

"काय न्हाय आई," तो म्हणाला. "खडा हुता. निघाला."

मग आपल्या नेहमीच्या चालीने तो शिपायांच्या पुढे निघाला. ती पावलं लांब जाईपर्यंत मालुबाई ऐकत राहिली, आणि व्यापाऱ्याला चहा दिला का, असं तिने नवऱ्याला विचारलं.