बिंबकाचा शेवटचा चेहरा

मंगळवारी सकाळी अनंत गेला. टेबलावर त्याचा आरसा होता.

पितळी काठाचा, तळहातात मावेल एवढा तो आरसा बेंगळुरूतल्या जे. पी. नगरच्या आमच्या घरात पूर्वेच्या खिडकीशी उभा असायचा. बाहेरच्या करंजाच्या पानांतून गाळून येणारं कोवळं ऊन त्याच्यावर पडलं की छतावर एक कवडसा थरथरत राही. कवडशानं एकदम उडी घेतली की स्वयंपाकघराच्या दारातूनच मला कळायचं, अनंतानं आरसा जवळ ओढला. आता तो दुसरा कुणीतरी होणार. माझा हा धाकटा भाऊ कार्टूनपटांसाठी चित्रं काढायचा. चित्रातल्या पात्राला राग द्यायचा, तर तो आधी स्वतःच्या चेहऱ्यावर आणायचा, आरशात न्याहाळायचा आणि मग रेघेत उतरवायचा, अशी त्या कामाची रीत. पहिली कॉफी संपेपर्यंत तो राजा होऊन गेलेला असे, कासव होऊन गेलेला असे, आणि कधी कधी खुद्द माझी नक्कलही करून मोकळा झालेला असे. ती फार सोपी होती. लहानपणी मावशी म्हणायची, "अनंताला साडी नेसवा, की झाली अक्का तयार!" तीच भुवई, तीच हनुवटी; डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर, जणू सतत काहीतरी विचारणारी.

शेवटच्या दोन वर्षांत मात्र आरशात बिंबकच येऊन राहिला होता. हा त्यानं स्वतः रचलेला खलनायक. गावच्या तलावात पडलेलं चंद्राचं प्रतिबिंब म्हणजे बिंबक. चंद्राइतकाच गोल, चंद्राइतकाच शुभ्र. पण लोक मान वर करून चंद्राला ओवाळतात आणि पाण्यात मात्र म्हशी धुतात. 'तो खरा, तर मी कोण?' या एकाच प्रश्नानं पोखरला गेलेला बिंबक एका पौर्णिमेला पाण्याबाहेर येतो आणि चंद्राला ढगांच्या पोत्यात कोंडू लागतो. चंद्र जसजसा झाकला जातो तसतसा तो स्वतःच विझत जातो. आणि आपण का विझतो आहोत, हे त्याला कळत नाही.

मला कुतूहल होतं ते अनंताचं. आपल्या पानातली होळिगे, म्हणजे पुरणपोळी, माझ्या पानात सरकवणारा, दुसऱ्याच्या बक्षिसाला आधी टाळी वाजवणारा हा माणूस. त्याला मत्सराचं इतकं आतलं दालन कुणी दाखवलं? बिंबक चंद्राकडे बघायचा तेव्हा त्याचे ओठ विलग व्हायचे, श्वास अडायचा आणि बोटं पाण्याखाली हळूहळू मिटत जायची. हे ऐकीव ज्ञान नव्हतं. एकदा मी विचारलंच.

"मत्सर म्हणजे काय गं, अक्का? लक्ष देऊन बघणं," तो आरशातूनच म्हणाला. "स्वल्प जास्तच लक्ष देऊन."

"आणि तू कुणाकडे बघत होतास एवढं?"

"ज्यांना कुणी 'तुम्ही कुठले' म्हणून विचारत नाही, त्यांच्याकडे," असं म्हणून त्यानं कॉफी मागितली.

तेव्हा मला पुण्यातलं एक लग्न आठवलं. पंगतीत वाढणाऱ्या बाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, "तुमचं मराठी छान आहे हो! कुठं शिकलात?" अनंत म्हणाला, "आईच्या पोटात. फी फार होती." पंगत हसली, तोही हसला. आमचं घराणं बेंगळुरूत किती पिढ्यांचं, हे आमच्यातही कुणाला धड सांगता येत नाही, तरी गल्लीत आमच्या घराची खूण अजून 'ते मराठीवाले' अशीच. परतीच्या गाडीत लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यानं एक गोल चेहरा काढला: पाण्यातून वर बघणारा.

अनंत गेला तेव्हा बिंबकाचा एकच चेहरा काढायचा राहिला होता, अगदी शेवटचा. चंद्राला सोडून देऊन बिंबक पाण्यात परततो आणि बुडता बुडता एकदा वर बघतो, तो. दिवसकार्य आटोपल्यावर चित्रपटाची दिग्दर्शिका ऋचा शहराच्या दुसऱ्या टोकाहून, व्हाइटफील्डहून आली. मूळची पुण्याची, पण अनंताचं ऐकून मला अक्काच म्हणणारी. कॉफीच्या पेल्याच्या काठावरून बोट फिरवत ती म्हणाली,

"अनंतदादा एवढंच म्हणाला होता, की बिंबकाला हसवायचं नाही आणि रडवायचंही नाही. मग काय करायचं, ते सांगायचं राहिलं."

"आता काय कराल?"

"शुक्रवारी सगळं पाठवायचंय. निर्माते म्हणतात, हा हा हा करत बुडवा, मुलांना तेच कळतं. दुसरं काही दाखवू शकले नाही, तर तसंच होईल." तिची नजर खिडकीतल्या आरशावर गेली, मग माझ्या भुवईवर. "अक्का, तुम्ही बसाल आरशासमोर? मी फोनवर शूट करते, त्यावरून काढू. चेहरा तोच आहे हो."

मी अभिनय कधी केला नव्हता. त्याच्या खुर्चीत बसले, आरसा जवळ ओढला; छतावर कवडशानं उडी घेतली, आणि तो त्याचा नाही हे ठाऊक असूनही मी क्षणभर वर बघितलं. मग डोळे भरले.

"नको, हे तुमचं झालं," ऋचा हळूच म्हणाली. "सॉरी. पण बिंबकाचं कुणी गेलेलं नाही अजून."

मी डोळे पुसले. पुन्हा बघितलं तर आरशात ती डावी भुवई होती. किती दिवसांनी दिसत होती! तिच्याखाली त्याचा डोळा होता की माझा, हे कळेना, म्हणून मी आणखी जवळ झुकले. हनुवटी बघितली, कानाची पाळी बघितली. काही हवं होतं असं नाही. जे हवं होतं ते आता मागून मिळणारं नव्हतं. नुसतं बघायचं होतं, कोण आहे ते. ऋचा खोलीत आहे, हेही मी विसरले.

"हेच," ती कुजबुजली. "अक्का, हलू नका."

पडद्यावर आता बिंबक तसाच बुडतो. ओठ विलग आहेत, श्वास अडलेला आहे, पण पाण्याखालची बोटं उघडी आहेत, आणि तो चंद्राकडे असा बघतो, जणू त्याला पहिल्यांदाच बघतो आहे. निर्माते कुरकुरले, असं ऋचानं सांगितलं, पण चेहरा राहिला. मी तो अंधारात इतर लोकांबरोबर बघितला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं आईला विचारलं, "तो वाईट आहे ना? मग मला आवडला कसा?"

लहानपणी जो माझीच नक्कल ठरायचा, त्या अनंताला ज्यांचा मत्सर वाटत होता, त्यांच्यात मीही होते का, हे मला आता कळणार नाही. विचारायला तो नाही. आरसा आहे, पूर्वेच्या खिडकीशी. सकाळी छतावर कवडसा येतो; आरसा कुणी हलवत नाही, तरी बाहेर करंजाची पानं हलतात, तेवढा तोही हलतो.