धुण्याचं काम

ओल्या कापडाच्या मधोमध तळहाताएवढा डाग होता. बाकीच्या कापडातून खिडकीचा उजेड झिरपत होता. तेवढ्या जागी मात्र तो अडत होता. लाडकीने कापड दोन बादल्यांवर ताणून धरलं आणि डागावर मगभर पाणी ओतलं. पाणी खाली उतरलं नाही. तिथेच साचून हललं.

“अजून भोकं बुजलेली हायत,” ती म्हणाली. “हे असंच लावलं तर आख्खी बॅच अडून बसंल, मॅडम.”

उन्नती वाकून बघत होती. तारापूरच्या या रंगाच्या कारखान्यात ती तांत्रिक प्रमुख होती आणि पाण्याची ही चाचणी तिनेच या बायकांना दाखवली होती. रंगाचा पातळ गाळ कापडातून दाबून त्यातलं पाणी काढायचं आणि प्रत्येक बॅचनंतर ती कापडं हाताने धुवायची. यंत्रात धुतली की ती फाटत. घिवली आणि पाम या जवळच्या गावांतल्या काही बायका हेच काम करत आल्या होत्या.

“घास परत,” पलीकडून जयवंती म्हणाली. “का नवऱ्याचं जालं समजून टाकून देतेस?”

“त्याच्या जाल्याला मी हात लावत नाय. त्याला दर्या हाय, मला ही मोरी हाय.”

बायका हसल्या. हसणं ओसरल्यावर लाडकीने हात पदराला पुसले.

“मॅडम, तो बबलू ठेकेदार आमची आधार कार्डं मागत व्हता. आमी कंपनीच्या, मग त्याला कशाला पायजे?”

उन्नतीने कापडाची कड सरळ केली. ती आधीच सरळ होती.

“विचारून सांगते.”

विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. रंग सुकवायच्या नव्या ड्रायरसाठी सरकारी अनुदान मिळणार होतं आणि त्याला यंदा एक अट जोडलेली होती: कारखान्यातला सर्वांत मोठा पगार सर्वांत लहान पगाराच्या वीसपटीहून जास्त असता कामा नये. उत्पादनाचं काम करणारा प्रत्येक जण यात मोजायचा. ठेकेदारामार्फत होणारी साफसफाई तेवढी वगळलेली. मर्यादेच्या वर दोनच पगार होते, मालक इंद्रजीत यांचा आणि उन्नतीचा. सर्वांत लहान पगार कापडं धुणाऱ्या बायकांचा. त्यांना बबलूच्या हजेरीवर टाकायचं आणि कापड धुणं ही साफसफाई आहे, असं तांत्रिक प्रमुखाने अनुदान मंजूर करणाऱ्या समितीपुढे सांगायचं, की अट पूर्ण. ही बैठक उन्नतीने दोनदा पुढे ढकलायला लावली होती. एकदा तापाचं कारण सांगून, एकदा ऑडिटचं. आज तिसरी तारीख होती.

कोळगावच्या जिल्हा मुख्यालयाकडे जाताना गाडी इंद्रजीत स्वतः चालवत होते.

“अहो ताई, त्यांचा एक रुपया कमी होणार नाही. फक्त हजेरी दुसरीकडे लागेल.”

“आणि उद्या बबलूने यांना नको म्हटलं तर?”

“मी आहे ना. लाडकीच्या पोरीच्या लग्नात पंगतीत जिलेबी वाढायला कोण होतं?”

“तुम्ही होतात.”

ते खरंच होते. घामाघूम होऊन शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत होते.

“तुमचा पगार थोडा खाली आणला तर, साहेब?”

इंद्रजीत हसले. “मालकाचा पगार बघून बँकवाले कंपनीचं वजन ठरवतात. आणि माझा खाली आला तर तुमचाही आणावा लागेल. तुमच्या लेकाचं परदेशातलं शिक्षण अर्ध्यावर आहे. मी तुमचाही विचार करतोय, ताई.”

उन्नतीने गाडीची काच खाली केली. थोड्या वेळाने पुन्हा वर केली.

समितीच्या खोलीत एसी मोठ्याने घरघरत होता. समितीच्या अध्यक्ष भाविका वयाने तरुण होत्या; बोलण्याआधी त्यांनी तो बंद करायला सांगितला.

“कापडं धुणाऱ्या बायकांना तुम्ही साफसफाईत धरलंय. बरोबर?”

“मोरीवरचं धुणं आहे हो, मॅडम,” इंद्रजीत म्हणाले. “घरी करतात तसंच.”

“तांत्रिक प्रमुखांना सांगू द्या.”

उन्नतीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“फरशी एक दिवस धुतली नाही तर कारखाना चालतो,” ती म्हणाली. “कापडं धुतली नाहीत तर पुढची बॅच निघत नाही. हे उत्पादनाचं काम आहे. आणि त्या बायका आजपर्यंत कंपनीच्याच हजेरीवर आहेत.”

इंद्रजीत यांनी हातातल्या पेनाचं टोपण काढलं आणि तसंच धरून ठेवलं.

“मग आज तुमची अट पूर्ण होत नाही,” भाविका म्हणाल्या. “याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?”

“कळतोय.”

“ताई,” इंद्रजीत अगदी हळू आवाजात म्हणाले. त्यात राग नव्हता, थकवा होता. “त्या ड्रायरवर तीस जणांना काम मिळणार होतं. बोईसरची पोरं आहेत. त्यांना काय सांगायचं?”

बंद केलेल्या एसीतून पाणी ठिबकत होतं. भाविकांनी समोरची फाईल मिटली नाही, उघडीच ठेवून त्या वाट बघत राहिल्या.

उन्नती खुर्चीतल्या खुर्चीत इंद्रजीत यांच्याकडे वळली. सकाळपासून तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं.

“मर्यादेच्या वर दोनच पगार आहेत, साहेब,” ती म्हणाली. “त्यातला एक या महिन्यापासून खाली आणा. माझा.”